चार सायकलींची एस.टी.

सायकलवर बसून एस.टी. चालवणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझ्या मैत्रिणीचा बाप आहे. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर कळंब रोडवरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर जाऊन विचारा. एस.टी.तून ते ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले ते फक्त कागदावर. त्यांच्या अंगातून गाडी कधी उतरलीच नाही. हात स्टिअरिंगवरून निघून हँडलवर आले, एवढाच काय तो फरक. सकाळी सायकल अंगणात काढली की तिच्याभोवती पूर्ण एक चक्कर मारायची, साही चाकांना, म्हणजे दोन्ही चाकांना, बुटाच्या टोकानं ठोकून बघायचं, हँडलच्या तारेत झेंडूचं एक फूल खोचायचं, आणि पायडलवर पाय ठेवल्यावर मागं वळून विचारायचं, "बसले का सगळे?" मागं कोणी असो वा नसो. एकदा मी फाटकातच उभी होते. मी म्हटलं, "काकाजी, तुम्ही एकटेच आहात." ते म्हणाले, "तं काय झालं? रिकामी गाडी बी इचारूनच काढा लागते."

आमची सायकलची टीम चौघांची. मी, माझी मैत्रीण मनीषा, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला असलेला बबलू, आणि मनीषाचे हे बाबा. मी त्यांना काकाजी म्हणते, बबलू म्हणतो, आता सगळं सायकलवालं यवतमाळच म्हणतं. टीमची कॅप्टन कागदावर मी होते. पण रस्त्यावर सायकली एकामागे एक, चाकाला चाक लावून चालवतात, पहिला सायकलवाला वारा अंगावर घेतो आणि मागच्यांना जोर कमी लागतो, म्हणून पुढचा माणूस दर थोड्या वेळानं बदलायचा असतो. हे मी त्यांना फळ्यावर आकृती काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समजलं. पन ड्रायव्हर कवा मागच्या सीटवर बसते का, बाई?" विषय संपला. पुढे काकाजी, मग मी, मग बबलू, आणि शेवटी मनीषा. मनीषाच्या सायकलला त्यांनी पितळेची एक घंटी बसवून दिली होती, कारण गाडीला कंडक्टर पाहिजे. चौघंही नीट ओळीत आले की तिनं दोनदा घंटी मारायची, मग काकाजी वेग घेणार. कोणी मागं पडलं की एकदा मारायची, मग काकाजी हळू होणार. आम्ही आधी खूप हसलो. पण खरं सांगते, मोठमोठ्या शहरांतल्या टीमा वाऱ्यात एकमेकांच्या नावानं बोंबलत असतात आणि तरी त्यांची ओळ तुटते. आमची त्या घंटीमुळे कधी तुटली नाही.

त्यांचे वाहतुकीचे नियम मात्र आमच्या जिवावर यायचे. रविवारी आम्ही सरावाला कळंबला जायचो. चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून दर्शन, वर येऊन चहा, आणि परत. एकदा वाटेतल्या लांबलचक वळणावर पुढे कापसानं फुगलेली बैलगाडी. बबलूच्या हातातल्या घड्याळात टाइम चालू. काकाजी गाडीच्या मागं बैलांच्या चालीनं सायकल चालवायला लागले. आम्ही त्यांच्या मागं. गाडीवानालाच शेवटी राहवलं नाही. तो मान वळवून ओरडला, "जा ना गा पुढं! कायले मांगं मांगं येऊन राह्यले?"

"वळन आहे भाऊ," काकाजी म्हणाले, "वळनावर ओव्हरटेक नाई करत."

"सायकल आहे ना तुमची!"

"गाडी ते गाडीच."

गाडीवानानं बैल थांबवले, खाली उतरला, पुढे जाऊन वळणाच्या पलीकडं बघून आला आणि हात हलवून म्हणाला, "या आता, कोनी नाई!" तेव्हा आमची टीम पुढे सरकली. बबलूनं घड्याळ काढून खिशात घातलं. त्या दिवशी त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

कपड्यांचं असंच. सायकलवाल्यांचे ते अंगाला चिकटलेले कपडे त्यांनी एकदा हातात धरून बघितले आणि म्हणाले, "हे घालन्यापेक्षा अंगाले रंग देलेला काय वाईट?" ते खाकीतच बसायचे. पँटच्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा, खिशाला पेन. शर्यतीत टीमचं टी-शर्ट सक्तीचं, तर ते खाकी शर्टावरून चढवायचे, आणि पेन काढून परत वरच्या बाजूला अडकवायचे. बबलू शर्यतीसाठी ताकद देणाऱ्या गोड, चिकट जेलच्या पुड्या आणायचा. काकाजींच्या पाठीवर मात्र फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. त्यांच्या घरच्या बोलीत भाकरीला बाटी म्हणतात. बबलूची पुडी त्यांनी एकदा चाखली, बराच वेळ तोंडात घोळवली आणि मनीषाला म्हणाले, "याले सर्दीचं औषध म्हनून घरी ठेव."

त्यांचा तांडा आर्णी रोडवरून आत आहे. गोरबंजारा माणसं, कधीकाळी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख तुडवणारी, आता कापूस आणि तूर पिकवणारी. काकाजी म्हणायचे, "आमच्या पनज्यानं बैलावर मीठ वाह्यलं, म्या डिझलवर मानसं वाह्यली. धंदा एकच." त्या तांड्यात पहिली एस.टी. गेली ती काकाजीच घेऊन गेले होते. त्यांची याडी, म्हणजे आई, ओवाळायला ताट घेऊन उभी होती. तिनं आधी गाडीच्या काचेला कुंकू लावलं आणि मग पोराला. हे सांगून झालं की ते दर वेळी म्हणायचे, "आधी गाडीले. बराबर केलं म्हातारीनं."

आता मुद्द्याचं लिहिते. फाट्यापासून तांड्याकडं जाताना एक नाला आहे. त्या नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, एका पावसात वाहून गेला, आणि परत बांधला गेला नाही. रपटाच नाही म्हटल्यावर गाडी आत कशी जाणार? ती फाट्यावरच थांबायला लागली. पावसाळ्यात पोरी चपला हातात घेऊन नाला ओलांडतात. नाल्याला पाणी जास्त आलं की शाळा बंद, कॉलेज बंद, बाळंतपण खाटेवर. मनीषा आणि मी, आमची ओळखच या रपट्यावरून झाली. आम्ही पत्रकं काढली, वाटली, भिंतींवर चिकटवली. निवेदनं दिली. निवेदन हा सरकारी टेबलावरचा सर्वात सुरक्षित कागद असतो, त्याला कोणी हात लावत नाही. साहेब बदलले की नवीन साहेब जुन्या साहेबाला न दिसलेला रपटा पुन्हा नव्यानं न पाहायला तयार. मला आजही हे लिहिताना राग येतो, आणि तो येऊ नये अशी माझी इच्छाही नाही.

म्हणून शर्यत. दर हिवाळ्यात आर्णी ते यवतमाळ अशी हौशी सायकलवाल्यांची शर्यत होते. चार-चारच्या टीमा. छातीवर नंबर लावलेले चौघेही आले तरच टीमचा टाइम धरतात. पहिल्या तीन टीमांना व्यासपीठावर बोलावतात, आणि जिल्ह्यातले झाडून सगळे साहेब आणि पुढारी समोर बसलेले असताना प्रत्येक टीमला माइकवर दोन शब्द बोलू देतात. आम्हाला पदक नको होतं. आम्हाला तो माइक पाहिजे होता. आणि बोलायचं काकाजींनी, हे मी ठरवलं. पत्रक वाचल्यासारखं मी बोलण्यापेक्षा ज्यानं गाडी आत नेली त्यानं बोलावं. काकाजींनी ते असं मनावर घेतलं की विचारू नका. सरावाच्या प्रत्येक चढावर त्यांचं भाषण सुरू. "मी या रोडवर... गाडी चालवली... आमच्या तांड्याचा रपटा... बांधून द्या... गाडी आत... येऊ द्या..." पायडलच्या एकेका दाबाला एकेक शब्द. बबलू मागून म्हणायचा, "काकाजी, दम राखा, भाषनातच चढ संपून राह्यला!" त्यांचं उत्तर, "चढावर बोलता आलं तं सायबापुढं बी बोलता येईन." घरी तर ते आरशापुढं पाण्याचा गडू हातात धरून बोलायचे, असं मनीषा सांगायची.

त्या वर्षीची शर्यत उशिरा सुटली. का? तर झेंडी दाखवणारे प्रमुख पाहुणे झोपेतून उशिरा उठले. शेकडो माणसं थंडीत कुडकुडत उभी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रस्ता पहाटेपासूनच बंद. गाड्या दुसरीकडून वळवलेल्या. गावागावांत, फाट्याफाट्यांवर कोणाला काही सांगितलेलं नाही. हे मला तेव्हा कळलं नाही. काकाजींना कळलं. सुटायच्या आधी ते मला म्हणाले, "बाई, आज आठवडी बाजार आहे. मानसं फाट्यावर उभी असतीन." मी म्हटलं, "काकाजी, आज समोर बघा." ते म्हणाले, "समोरच पायतो. रस्त्यावरची मानसं समोरच असते."

पण सुटल्यावर त्यांनी गाडी काढली ती अशी की मी आयुष्यात कोणाच्या मागं इतक्या वेगानं सायकल चालवलेली नाही. तुरीची शेतं दोन्ही बाजूंनी मागं पळत होती. वळणाचा नियम त्या दिवशी आड आला नाही, कारण समोरून गाड्याच नव्हत्या. पुढच्याला मागं टाकताना मात्र ते "साइड द्या भाऊ" असं म्हणायचेच, आणि दिली की "आभारी आहो" म्हणायचे. नागपूरच्या, अमरावतीच्या टीमा, हलक्या काळ्या सायकली, नको तिथं गॉगल, आणि त्यांच्या शेजारून हे खाकीतले गृहस्थ आभार मानत पुढे. मनीषाची घंटी दोनदा, परत दोनदा. घाटाच्या अलीकडं पाण्याच्या टेबलावरचा पोरगा आमच्याकडं बघून नाचायला लागला, "तिसरे! तुम्ही तिसरे!" बबलू मागून ओरडला, "काकाजी, माइक आला!" काकाजींनी टी-शर्टवर अडकवलेलं पेन नीट केलं. मी पाहिलं.

आणि मग तो फाटा आला. त्यांच्याच तांड्याचा फाटा. एक म्हातारी गाठोड्यावर बसलेली. सायकली येताना दिसल्यावर ती उठली आणि तिनं हात दाखवला.

यापुढं जे झालं ते कोणी ठरवून केलं नाही. काकाजींचा उजवा हात आपोआप बाहेर गेला, गाडी थांबते आहे असं मागच्यांना सांगायला. त्यांनी ब्रेक लावला. मनीषानं, बापाची लेक, एकदा घंटी मारली. बबलू माझ्या मागच्या चाकावर येऊन आदळता आदळता वाचला, आणि आमची तिसऱ्या नंबरची टीम रस्त्याच्या कडेला शिस्तीत उभी राहिली.

"गाडी कवा येईन गा?" म्हातारी म्हणाली. "पहाटपासून बसून हावो. पोरगी बाळंत झाली यवतमाळले. लाडू नेऊन राह्यली तिले."

"आज गाडी नाई याडी," काकाजी म्हणाले. "रोड बंद केला आहे."

"काहून?"

काकाजींनी आमच्याकडं पाहिलं. आमच्या छातीवरच्या नंबरांकडं पाहिलं. "आमच्यासाठी," ते म्हणाले.

"काकाजी, टाइम चालू आहे!" मी ओरडले. आमच्या शेजारून ते "साइड द्या"वाले सगळे एकेक करून परत पुढे चालले होते. त्यातल्या एकानं तर काकाजींना "आभारी आहो" म्हटलं. मला वाटतं, मनापासून म्हटलं असावं.

तेवढ्यात शर्यतीची गाडी आली, टीमांच्या मधून फिरत थकलेल्या स्पर्धकांना उचलणारी. काकाजी रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. "हिले घ्या. थकलेली आहे."

गाडीतला बिल्लावाला म्हणाला, "आजोबा, ही गाडी फक्त स्पर्धकांसाठी आहे. नंबर लागतो."

मी तोंड उघडलं. रस्ता अडवायला तुम्हाला कोणी सांगितलं, गावाला कळवलं का, असं सगळं माझ्या जिभेवर आलेलं. पण काकाजी वाद घालत बसले नाहीत. त्यांनी आपल्या छातीवरचा नंबर काढला, त्याच्याच पिनांनी म्हातारीच्या लुगड्याच्या पदरावर लावला, नीट सरळ केला, आणि दार उघडून म्हणाले, "घ्या. झाली स्पर्धक."

बबलू सायकलच्या दांडीवर डोकं टेकून म्हणाला, "गेलो आपन." आणि खरंच गेलो होतो, कारण नंबरवाले चौघे आता आमच्यात नव्हते. चौथा नंबर लाडवाचं गाठोडं मांडीवर घेऊन गाडीत बसला होता. नंतर निकाल लागला त्यात काकाजींच्या नंबरापुढं लिहिलं होतं, थकल्यामुळे माघार. ते वाचून काकाजी म्हणाले, "पहाटपासून बसून होती, थकनच ना."

उरलेल्या रस्त्यावर मनीषा घंटी मारत राहिली, दोनदा, दोनदा, आणि मी मनातल्या मनात काकाजींना जे काही बोलत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही. यवतमाळला पोचलो तर पहिल्या तीन टीमा बोलून, हार घालून घेऊन मोकळ्या झाल्या होत्या. पण नशीब बघा. सूत्रसंचालकाला खाकीतला, पांढऱ्या मिशांचा, बिननंबरी माणूस दिसला. त्यानं कौतुकानं काकाजींचा हात धरून त्यांना वर नेलं आणि माइक त्यांच्या तोंडापुढं धरला. "आजोबा, या वयात! कसं वाटतंय?"

समोर साहेब बसलेले. माइक काकाजींच्या हातात. मी खालून दोन्ही हातांनी खुणा करायला लागले, "रपटा! काकाजी, रपटा!" त्यांनी माइक गडूसारखाच धरला होता. त्यांनी घसा साफ केला. पण साहेबांच्या खुर्च्यांच्या मागं, दोरीच्या पलीकडं, बाजारच्या थैल्या घेतलेली माणसं उभी होती, गाडीची वाट बघत. काकाजींची नजर तिथं गेली.

"प्रवासी मित्रहो," ते म्हणाले. मैदान हसलं. "आज आर्णी रोडवरच्या गाड्या बंद होत्या. तुमाले तरास झाला. लेकराबाळायचे हाल झाले. त्याबद्दल मी माफी मांगतो. आता रोड मोकळा होऊन राह्यला, गाडी येईन. घाबरू नका. आनखी एक सांगाचं होतं..."

टाळ्या पडल्या. सूत्रसंचालकानं टाळ्यांतच माइक काढून घेतला, "वा, आजोबा, वा!" आणि प्रमुख पाहुण्यांना दिला. काकाजींचा हात मात्र तसाच राहिला, थोडा वर, काहीतरी धरल्यासारखा. व्यासपीठावरून खाली उतरेपर्यंत तसाच.

मी खूप भांडले. तिथंच, सायकली लावलेल्या कडुलिंबाखाली. "आधी रपटा बोलायचं होतं ना! माफी आपण का मागायची? रस्ता आपण बंद केला का?" काकाजींनी फडक्यातली भाकर सोडली, चौघांत तोडली. "लोक सकायपासून उभे होते, बाई. उभ्या मानसापुढं आधी माफी, मंग आपलं गाऱ्हानं. त्यानं माइक नेला, आता काय करू?" मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या फाट्यावरून मीच गाडी आत नेत होतो. तुह्यापेक्षा मले जास्त लागलं." मी भाकरीचा तुकडा घेतला.

त्यानंतर काकाजींचा गुडघा गेला, आणि मनीषाचा भाऊ त्यांना पुण्याला आपल्याकडं घेऊन गेला. सोसायटीच्या जिममध्ये एका जागी बसवलेली सायकल आहे, ती ते चालवतात. फोनवर म्हणाले, "बाई, हे गाडी डेपोतून निंगतच नाई. अन् शेजारचा मानूस कानात ते गान्याचं बोंडूक घालून बसते. याले राम राम करू का नको?"

यंदाच्या हिवाळ्यात आम्ही परत उतरलो. चौथा म्हणून बबलूच्या कारखान्यातला एक तरुण घेतला, घोड्यासारखा दमदार. आम्ही शास्त्रशुद्ध, पुढचा माणूस बदलत बदलत गेलो. तिसरे आलो. व्यासपीठावर गेलो. मनीषा घाबरली, म्हणून माइक मी घेतला आणि रपट्यावर बोलले. चांगलं बोलले, खोटा विनय कशाला. टाळ्या पडल्या, एका साहेबानं तिथंच कोणाला तरी बोलावून घेतलं, आणि आता नाल्याकाठी सिमेंटचे मोठाले पाइप येऊन पडले आहेत. अजून नुसते पडलेत. पण पडलेत.

शर्यतीच्या संध्याकाळी, पाइप यायच्या आधीच, आम्ही काकाजींना फोन लावला. मी सगळं सांगितलं. कितवे आलो, काय बोललो, साहेबाचा चेहरा कसा झाला. ते मधेमधे "वा वा" करत होते. "झकास केलं, बाई. आता गाडी जाईन आत." मग घरच्यासारखं, सहज, एखाद्या लांबच्या गावाहून आलेल्या माणसाला विचारतात तसं त्यांनी विचारलं, "अन् रस्त्यात कोन कोन भेटलं?"

मी आठवायला लागले. मला पुढच्याचं मागचं चाक आठवलं. आणखी काही आठवेना.

"रस्ता बंद होता, काकाजी," मी म्हटलं.

ते हळूच, मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाले, "बंद असन. पन लोक तं असतीनच ना, बाई."